बॉयलर बंद पडला तर आधी दुरुस्तीवाल्याचं कार्ड बघा

बॉयलर दुरुस्त करायला ओळखीतला, स्वस्तात करून देणारा माणूस बोलवा, असं कुणीकुणी सुचवतं. इंग्लंडात घर आणि पाणी तापवणाऱ्या गॅस बॉयलरसाठी कृपा करून असं करू नका. गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत, नोंद असलेलाच माणूस हवा, तसा कायदाच आहे. तो दारात आला की ओळखपत्र मागा आणि उलटून बघा, कोणत्या उपकरणांचं काम तो करू शकतो ते मागे लिहिलेलं असतं. आमच्याकडे आलेल्याच्या कार्डावर कुकर (म्हणजे स्वयंपाकाची गॅस शेगडी) होता, बॉयलर नव्हताच! परत पाठवला. दोन रात्री लेकीला स्वेटरवर स्वेटर चढवून झोपवलं, पण चुकीच्या कामामुळे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका नको.

आणि हो, बाहेर बर्फ असेल तर फोन करण्याआधी बॉयलरमधून भिंतीबाहेर जाणारा निचऱ्याचा प्लास्टिकचा पाइप गोठलाय का ते बघा. त्यावर कोमट पाणी ओता (उकळतं नको) आणि रीसेट करा, बऱ्याचदा तेवढ्यानं सुरू होतो.