सागरी जीवशास्त्रात एमएस्सी, आता किनाऱ्यावर मुलांना शिकवायचंय. सुरुवात कशी करावी?

सुकती
एमएस्सी झाली, पीएचडीला लगेच जायचं नाही. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर शाळांना ओहोटीत नेऊन शिकवण्याचं काम पूर्णवेळ करायचा विचार आहे. एका शाळेची सातवीची ४० मुलं डिसेंबरात येणार आहेत. शाळेला शनिवारी सकाळी १० ची वेळ हवी आहे. ठिकाण हाजी अलीच्या आसपास. तयारी काय करू? आणि यात पोट भरतं का?

कालवं
आधी ते १० वाजता काढून टाका. कोकणातला जुना हिशोब माहीत असेलच: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. त्याआधी सव्वासहा तास ओहोटी. म्हणजे सकाळी १० ची ओहोटी पंचमी-षष्ठीलाच येणार, आणि तोवर पाणी भांगाकडे (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो ते दिवस) झुकलेलं असतं. खडक धड उघडेच पडत नाहीत. मुलं चाळीस मिनिटं शेवाळ बघून परत जातील.

द्वितीया-तृतीया धरा. ओहोटी सव्वासात ते आठच्या दरम्यान येते, आणि उधाणाचा जोर पुनवेनंतर किंवा अवसेनंतर दीड-दोन दिवसांनीच असतो, त्यामुळे पाणीही खूप मागे जातं. हिशोब अंदाजाचा आहे. तारीख पक्की करण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीच्या पाण्याची उंची बघा, ०.५ मीटरच्या वर असेल तर सोडून द्या.

ओहोटीच्या तासभर आधी खडकावर उतरायचं, ओहोटी झाल्यावर अर्ध्या तासात सगळे बाहेर. नवशिके इथेच फसतात. पाणी समोरून येईल म्हणून समुद्राकडे बघत राहतात, आणि मागची घळ आधी भरते. आदल्या दिवशी स्वतः जाऊन परतीची वाट बघून ठेवा. त्या दिवशी ओहोटी साधारण ५० मिनिटं लवकर असेल.

४० मुलं एका वेळी नकोच. २०-२० च्या दोन तुकड्या, ८ मुलांमागे एक जाणता माणूस. पायात लेसचे बंद बूट. चपला शेवाळावर निसटतात आणि कालवांची कड ब्लेडसारखी कापते.

पाकट
वरच्यात भर. पिशवीत सलाईनची बाटली, जंतुनाशक, पट्ट्या आणि थर्मासमध्ये गरम पाणी. पाण्यातून जायचं तर पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत न्या, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकते. काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात (४५ अंशांच्या वर नाही) आणि थेट रुग्णालयात. खोल रुतलेला काटा उपटू नका.

हात लावायचा नियम एकच ठेवा: शिकवणारा दाखवेल, मुलांचे हात पाठीमागे. शंकूच्या आकाराचा शंख रिकामा दिसला तरी उचलायचा नाही, आतला प्राणी विषारी काटा मारतो. झोअँथिडच्या (प्रवाळांच्या नात्यातले मऊ प्राणी) हिरव्या-तपकिरी गाद्या सुंदर दिसतात, पण त्यांतल्या काहींत फार जहाल विष असतं. तो हात डोळ्याला लागला की संपलं. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तुटलेला तुकडाही ‘आठवण’ म्हणून घरी जाता कामा नये. हे शिक्षकांना आधी लेखी कळवा, सगळ्यात जास्त गोळा करतात तेच.

दगड उलटायचा तर हळू, आपल्याकडे कड उचलून. खालच्या ओल्या अंगाला स्पंज, नळीतले किडे, खेकड्यांची पिल्लं चिकटलेली असतात. दहा-पंधरा सेकंद बघा आणि होता त्याच बाजूने परत ठेवा. उलटा राहिला तर खालचं उन्हात वाळतं, वरचं शैवाल अंधारात मरतं.

आणि तिथे कालवं काढणाऱ्या कोळी बायका असतात. त्यांची कामाची जागा आहे ती. विचारून जा, त्या प्राण्याला काय म्हणतात तेही विचारा. कोळीवाड्यागणिक नाव बदलतं, पण मुलांच्या लक्षात तेच राहतं.

खाजण
पोटाचं बोलतो. जून ते सप्टेंबर खडकावर जाता येत नाही, म्हणजे वर्ष आठ महिन्यांचं. पावसाळ्यात वर्गात घेण्याजोगे तास (सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, भरती-ओहोटीचा तक्ता वाचणं) आधीच तयार ठेवा. डोकी मोजून पैसे घेऊ नका, ऐनवेळी सहा मुलं गळतात. तुकडीमागे ठरावीक रक्कम, त्यात आदल्या दिवसाची फेरी, मदतनीस आणि विमा धरून. शाळेने रद्द केलं तर किती कापणार, हे कागदावर हवं. शाळांचे खर्च वर्षाच्या सुरुवातीला ठरतात. नोव्हेंबरात प्रस्ताव घेऊन गेलात की ‘पुढच्या वर्षी बघू’.

एकट्याने सुरू करण्याआधी एक हंगाम कुणाच्या तरी हाताखाली काढा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ २०१७ पासून शहरात किनारा-फेऱ्या करतंय. कांदळवनाकडे कल असेल तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे.

प्रत्येक फेरीची नोंद ठेवा: तारीख, तक्त्यातली उंची, मोजपट्टीसह फोटो. आयनॅचरलिस्टवर (सजीवांच्या नोंदी ठेवणारं संकेतस्थळ) टाका. पुढे पीएचडीचा विचार बदललाच तर तीन वर्षांची माहिती हाताशी असेल.

सुकती
शाळा शनिवारवर अडून आहे. तृतीया शनिवारी असेल तर दुसरी तुकडी रविवारी चालेल का?

कालवं
चालेल, पण रविवारी ओहोटी ५० मिनिटं उशिरा. बसवाल्याला शनिवारचीच वेळ देऊ नका, आणि रविवारचा आकडा तक्त्यात वेगळा बघा.