व्हील ऑफ टाइम: पेरिनला बायको कशाला दिली?

साखळीकर
चतुर्थीच्या सुट्टीत ‘व्हील ऑफ टाइम’ ही कादंबऱ्यांवरची ॲमेझॉनची मालिका संपवली. पुस्तकं वाचलेल्यांना विचारतो (पुढे कथानक फुटतं, सांभाळा). पहिल्याच भागात नायकाचा मित्र पेरिन, त्याचं लग्न झालेलं दाखवलं आणि बायको त्याच्याच कुऱ्हाडीने मारली. पुस्तकाच्या सुरुवातीला हा सडाफटिंग! १९९० ते २०१३ अशी चौदा पुस्तकं समोर असताना पदरची पात्रं कशाला?

म्हार्दोळचा पेटीवाला
साखळीकरबाब, मी जत्रेच्या नाटकांना पेटीवर बसतो आणि संहितेची कापाकापीही माझ्याच गळ्यात पडते, म्हणून बोलतो. पहिलं पुस्तक बरंचसं नायकाच्या, म्हणजे रँडच्या डोक्यात घडतं. मनातली भीती पुस्तकात चार पानं चालते. नट नुसता भेदरून बसला तर लोक भजी खायला उठतात. पेरिनचं भय स्वतःच्याच ताकदीचं; ते दिसावं म्हणून बायकोचा बळी. कारण कळतं, पण उपाय आळशी. तिची धड ओळख व्हायच्या आत ती जाते, मग आपण रडायचं कुणासाठी? लोहाराकडे शिकणारा पोर तो. कुऱ्हाड की हातोडा ह्यावर पुस्तकंच्या पुस्तकं तो अडकून असतो. त्याच्या हातात आयती दोन हत्यारं होती की!

ह्याच लोकांना जमतं तेव्हा मात्र काय जमतं! तिसऱ्या सीझनचा चौथा भाग बघा. रुइडियन ह्या वाळवंटातल्या गूढ शहरात रँड पूर्वजांच्या आठवणींतून मागे मागे जातो आणि त्या पूर्वजांची कामं जोशा स्ट्रॅडॉव्स्कीनेच केलीत. आमच्या काल्याच्या नाटकात एकच नट रात्रभरात दोन-तीन सोंगं घेतो, कुणी उठून विचारत नाही हा कोण म्हणून.

पेडण्याची वाचक
रँडचा दुसरा मित्र मॅट, त्याच्याबद्दल पण बोला. पहिल्या सीझनला बार्नी हॅरिस, दुसऱ्यापासून डॉनल फिन. शूटिंग अर्ध्यावर असताना नट मालिका सोडून गेला, म्हणून मॅट वेगेटपाशी (जादूच्या वाटेचं दार ते) मागे राहिला. पुस्तकात त्याचं कारण शोधू नका, मी शोधत बसले होते.

साखळीकर
तो नाइलाज, मान्य. पण मग पुस्तकात नसलेलं काही घालूच नये का?

म्हार्दोळचा पेटीवाला
घालावं की! गेम ऑफ थ्रोन्सच्या पहिल्या सीझनला एका पुस्तकासाठी दहा भाग होते. त्यात राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी बसून आपल्या लग्नाबद्दल बोलतात, तो प्रवेश पुस्तकात नाहीच. नवरा-बायको, दारू आणि इतक्या वर्षांचा कडवटपणा, बस्स. व्हील ऑफ टाइमवाल्यांना सीझनला आठच भाग. चोवीस भागांत कसेबसे चौथ्या पुस्तकात पोचले आणि २०२५ च्या मे महिन्यात ॲमेझॉनने मालिकाच बंद केली. असल्या घाईत कोण कुणाशी बसून बोलणार?

पेडण्याची वाचक
रॉबर्ट-सर्सीचा प्रवेश कुठल्या भागात हो?

म्हार्दोळचा पेटीवाला
पाचव्या.