स्टूल कल्चरमध्ये ‘ई. कोलाय’ आलं, म्हणजे तेच कारण का?

चोपडेकर: लग्नाच्या पंगतीहून आल्यापासून वडिलांना आव-रक्त पडतंय, तापही आहे. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फरक नाही म्हणून स्टूल कल्चर (शौचातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) सांगितलं. सकाळी भरलेली डबी भाच्याने एसटीने जळगावला नेली, लॅबमध्ये दुपारी पोचली. रिपोर्ट: पस सेल्स (पूपेशी) भरपूर, ‘रोगकारक जिवाणू नाहीत, ई. कोलाय वाढले’.

शिरपूरवाला: विडाल करून घ्या, लगेच कळतं.

प्लेटवाला_धुळे: विडालचं इथे काय काम भाऊ? ती टायफॉइडच्या अँटिबॉडी बघते, अन् पहिल्या आठवड्यात त्याही बऱ्याचदा सापडत नाहीत.

मी लॅबमध्येच असतो. ई. कोलाय सगळ्यांच्याच आतड्यात असतो, मॅकॉन्की प्लेटवर (जंतू वाढवायच्या थाळीवर) त्याच्या गुलाबी कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके, येणारच. त्याच्या काही जाती रोग करतात, पण त्या या प्लेटवर वेगळ्या ओळखू येत नाहीत. आम्ही त्या गुलाबी गर्दीत फिकट कॉलनी शोधतो. शिगेला, साल्मोनेला हे आजार करणारे जंतू प्लेटमधली लॅक्टोज साखर वापरत नाहीत, म्हणून रंग धरत नाहीत. एक्सएलडी या दुसऱ्या प्लेटवर साल्मोनेला लाल, बहुधा मधोमध काळा; शिगेला नुसता लाल. मग ती कॉलनी उचलून टीएसआयच्या नळीत (जंतू कोणती साखर वापरतो ते बघायला), पुढे अँटिसेरा (नेमका जंतू ओळखणारी द्रव्यं). दोन-तीन दिवस जातातच.

तुमची गडबड प्लेटच्या आधीची वाटते. शिगेला फार नाजूक, उन्हातल्या एसटीत तासन्‌तास टिकणं अवघड. वर गोळ्या सुरू; त्या अँटिबायोटिक असतील तर जंतू प्लेटवर वाढत नाहीत. दोन तासांत डबी पोचणार नसेल तर लॅबकडून कॅरी-ब्लेअरची नळी (वाटेत जंतू जिवंत ठेवणारी) आधीच मागवा आणि आव-रक्ताचाच भाग स्वॅबवर घ्या.

चोपडेकर: फॉर्मवर नुसतं ‘स्टूल कल्चर’ लिहिलंय. पीसीआर करू का?

प्लेटवाला_धुळे: फॉर्ममध्येच तर घोळ होतो. कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूला वेगळी प्लेट, ४२ अंश अन् कमी ऑक्सिजन लागतो. लहान लॅब सहसा लावतच नाहीत. कॉलऱ्याची टीसीबीएस प्लेटही बऱ्याच ठिकाणी सांगितल्याशिवाय निघत नाही. म्हणजे ‘नाहीत’ याचा अर्थ जे शोधले त्यांच्यापुरताच.

पीसीआर मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडतो, त्यामुळे गोळ्या चालू असल्या तरी उपयोग होतो. पण कोणतं औषध लागू पडेल ते नीट कळायला जिवंत कॉलनीच लागते. ताज्या नमुन्यात अमीबा (आव पाडणारा परजीवी) पाहिला का, तेही विचारा.

पण हे सगळं नंतर. रक्त पडतंय, ताप आहे, वय झालंय, तर आजच डॉक्टरांना पुन्हा दाखवा. लघवी कमी झाली असेल तर थेट ॲडमिट करा.

अन् डबी लॅबचीच घ्या. आमच्याकडे लोक बामच्या रिकाम्या बाटलीत नमुना आणतात, झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी.