मदत हवी आहे: मामांची कागदपत्रं आणि जुन्या टेपा

नमस्कार मंडळी. आमच्या मामांची सगळी हयात परराष्ट्र सेवेत गेली. मागे राहिली खोकीभर पत्रं, डायऱ्या, भाषणांचे मसुदे आणि ध्वनिमुद्रणाच्या पाव इंची स्पूल टेपा. मामी म्हणतात, एखाद्या अभिलेखागाराला (जुनी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेला) देऊन टाक.

मामांनी पत्रं तारखेनुसार नाही, नेमणुकीच्या देशानुसार बांधलीत. अभिलेखागारं मूळ क्रम जपतात, म्हणून अजून एकही दोरी सोडलेली नाही (मोह फार होतो!). पण काही कागदांवर 'गोपनीय' असा शिक्का आहे. ते घरचे नव्हेत, सरकारी. आधी खात्याला कळवायचं, की अभिलेखागारच ते पाहून घेतं?

खरी धास्ती टेपांची. दोन टेपांना व्हिनेगरसारखा वास येतोय, म्हणजे टेपेच्या पट्टीचं प्लास्टिक, ॲसिटेट, कुजायला लागलंय. त्या वेगळ्या ठेवल्यात. बाकीच्या घरच्या जुन्या यंत्रावर वाजवून पाहाव्यात का? की हात न लावता थेट जाणकाराकडून डिजिटल स्वरूपात (९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जात) उतरवून घ्याव्यात?

आणखी एक. मामांना आलेल्या पत्रांचा कागद आमचा, पण मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा. त्यातले बरेच जण हयात आहेत. दानपत्रात अमुक वर्षं वाचकांना बंदी, अशी अट कुणी घातली आहे का? शब्दरचना कशी केलीत?