मदत हवी आहे: तणनाशकाला विषारी करतं ते झाडच, मग पीक वाचतं कसं?

नमस्कार मंडळी,

वनस्पतींची एन्झाइमं आणि परकी रसायनं या विषयावर सेमिनार द्यायचा आहे. विष निकामी करण्याची बाजू कळली आहे: सायटोक्रोम पी४५० हे एन्झाइम रेणूवर ऑक्सिजन बसवतं, मग त्याला साखर किंवा ग्लुटाथायोन जोडलं जातं आणि सगळा ऐवज रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, जाऊन पडतो. अडलंय ते उलट्या दिशेला. काही तणनाशकं मूळ रूपात जवळपास निरुपद्रवी असतात आणि पेशीत शिरल्यावर तिथलीच एन्झाइमं त्यांना घातक बनवतात.

२,४-डीबी घ्या. मेदाम्लं तोडणारी पेरॉक्सिसोममधली यंत्रणा त्याच्या शेपटीतले दोन कार्बन कापते आणि हाती येतं २,४-डी, म्हणजे संप्रेरकासारखं वागून झाड मारणारं रूप. लसूणघास हे काम फार सावकाश करतो, म्हणून तो तगतो आणि तण मरतं. इथवर पटलं. पण डायक्लोफॉप-मिथाइल या तणनाशकाचं एस्टर गहूही तोडतो आणि रानटी ओट हे तणही. सक्रिय आम्ल दोघांतही तयार होतं. मग गहू का मरत नाही?

दुसरं म्हणजे, म्युटेशन घडवणारी रसायनं तपासताना एम्स चाचणीत उंदराच्या यकृताचा अर्क घालतात, कारण काही रसायनं यकृतातल्या एन्झाइमांनी बदलल्यावरच घातक होतात. काही रसायनं फक्त वनस्पतीच सक्रिय करतात, असंही असतं का?

द्विदल:
पहिल्या पायरीकडेच बघत बसलात तर उत्तर मिळणार नाही. एस्टर हे मुळात पानावरचा मेणचट थर ओलांडण्यापुरतं असतं. आत गेलं की एस्टरेझ ते तोडतात, आणि ते जवळजवळ सगळ्याच झाडांत होतं. फरक पुढे पडतो. गहू त्या आम्लाच्या वलयावर पी४५० करवी हायड्रॉक्सिल गट बसवतो आणि त्यावर ग्लुकोज चिकटवतो, म्हणजे परतीचा रस्ता बंद. रानटी ओट आम्लाला सरळ ग्लुकोज एस्टर करून ठेवतो. ते पुन्हा सुटतं आणि विष परत मोकळं होतं.

आयसॉक्साफ्लुटोल या तणनाशकाचंही असंच. त्याचं डायकीटोनायट्राइल हे विषारी रूप मक्यातही होतं आणि तणातही, फक्त मका ते झपाट्याने मोडून टाकतो. तेव्हा प्रत्येक उदाहरणात दोन वेग मांडा, विष तयार होण्याचा आणि ते मोडण्याचा. २,४-डीबीत पहिला वेग निर्णायक ठरतो, डायक्लोफॉपमध्ये दुसरा. (रुंदपानी झाडं मात्र डायक्लोफॉपला वेगळ्याच कारणाने दाद देत नाहीत. डायक्लोफॉप ज्याला अडवतं ते मेदाम्लं बनवण्यातलं एसीसीएझ एन्झाइमच त्यांच्या हरितलवकात निराळ्या घडणीचं असतं.)

कोंब:
क्लोमाझोन नक्की घ्या, माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण तेच. पी४५० त्याचं ५-कीटोक्लोमाझोन करतं. त्यामुळे आयसोप्रीन घटक बनवण्याचा हरितलवकातला मार्ग अडतो, कॅरोटिनॉइड बनत नाहीत आणि पानं पांढरी पडतात. आता गंमत बघा: कापसाला क्लोमाझोनपासून वाचवायला पेरणीच्या सरीत फोरेटसारखं ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक देतात. ते पी४५० ला अडवतं, म्हणून विष बनतच नाही. एरवी पीकरक्षक म्हणून वापरली जाणारी सेफनर रसायनं विष मोडण्याचा वेग वाढवतात, इथे नेमकं उलटं.

याचा दुसरा परिणाम तणातल्या प्रतिकारात दिसतो. ट्रायअ‍ॅलेट या तणनाशकाचं सल्फॉक्साइड झालं तरच ते नीट मारतं. ही पायरी मंदावलेले रानटी ओट ट्रायअ‍ॅलेटला जुमानत नाहीत. प्रतिकार म्हणजे विष मोडण्याची ताकद वाढणं, असं सरधोपट लिहू नका.

धागाकर्ता:
दोन वेगांची मांडणी एकदम पटली, आभार. पॅराक्वाटही याच तक्त्यात घालू का?

द्विदल:
नको. त्याला प्रकाशसंश्लेषणातल्या प्रकाशप्रणाली १ कडून इलेक्ट्रॉन मिळतो, तो ऑक्सिजनला देऊन ते पुन्हा मूळ रूपात येतं आणि फेरा चालू राहतो. रेणू बदलून नवं विष होत नाही. त्यापेक्षा बायलाफॉस घ्या. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी बनवलेल्या या त्रिपेप्टाइडमधली दोन अ‍ॅलानिनं झाडाची पेप्टिडेझ तोडतात आणि ग्लुफोसिनेट हे खरं विष मोकळं होतं.

बीजांकुर:
म्युटेशनबद्दल: सोडियम अ‍ॅझाइड बघा. बार्लीत म्युटेशन घडवून नवे वाण शोधायला ते वापरतात. सिस्टीन बनवताना ओ-असेटिलसेरीनवर सल्फाइड बसवणारं एन्झाइम सल्फाइडऐवजी अ‍ॅझाइड उचलतं, आणि अ‍ॅझाइडोअ‍ॅलानिन होतं. म्युटेशनला कारण तेच. सस्तन प्राण्यांत हा मार्गच नाही, त्यामुळे यकृताच्या अर्काची इथे काही मदत होत नाही. एम्स चाचणी ज्याच्यावर करतात त्या साल्मोनेला जिवाणूकडे मात्र तो आहे, म्हणून त्या चाचणीत अर्काशिवायही अ‍ॅझाइड पकडलं जातं. फक्त वनस्पतीच, असं म्हणू नका. वनस्पती आणि जिवाणू म्हणा.

शिवाय तंबाखूच्या पेशी आणि साल्मोनेला एकत्र ठेवून केलेले प्रयोग आहेत. त्यात २-अमिनोफ्लुओरीनसारखी अरोमॅटिक अमाइन वनस्पतिपेशी सक्रिय करतात आणि त्यात पेरॉक्सिडेझचा मोठा वाटा असतो. यकृतात हे काम मुख्यतः पी४५० करतं.

धागाकर्ता:
शेवटची शंका. २,४-डीबीत दोन कार्बन नेमके कापले जातात हे कळलं कसं?

कोंब:
वेगवेगळ्या लांबीच्या शेपट्या लावून. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या वाय कॉलेजात आर. एल. वेन आणि सहकाऱ्यांनी टोकाला फिनॉक्सी गट असलेल्या आम्लांची मालिका तपासली. आम्लात सम कार्बन असले तर कापत कापत शेवटी २,४-डी उरतं, विषम असले तर फिनॉल, आणि त्याला संप्रेरकासारखा परिणाम नाही. ही मालिका एका स्लाइडवर मावेल.