मदत हवी आहे: राजापुरातील चार एकर बागेसाठी मिनी ट्रॅक्टर घ्यावा की एटीव्ही?

रायआवळा

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमची चार एकर जमीन असून तीत हापूसची कलमे, काजू आणि थोडे भात आहे. वडिलांचे वय झाल्यामुळे यंदापासून मी ठाण्याहून गावी येऊन बाग स्वतः पाहत आहे. गडी वेळेवर मिळत नाहीत, त्यामुळे यंत्र घ्यायचे हे नक्की झाले आहे. विक्रेत्याने मिनी ट्रॅक्टरचा दिलेला भाव या महिनाअखेरपर्यंतच आहे. दुसरीकडे माझा मावसभाऊ सांगतो की ट्रॅक्टर आपल्या बागेत नुसता उभा राहील, त्यापेक्षा एटीव्ही (हँडलची, चार रुंद चाकांची उघडी गाडी) घे आणि तिला मागे छोटी ट्रॉली जोड, ती कुठेही चढते. क्रेट वाहणे, शेणखत पोहोचवणे, फवारणी आणि गवत काढणे ही मुख्य कामे आहेत. ज्यांनी ही यंत्रे वापरली आहेत त्यांनी दोन्हींपैकी काय घ्यावे ते स्पष्ट सांगावे. "गरजेनुसार ठरवा" असे उत्तर कृपया देऊ नये, कारण गरज वर लिहिली आहे.

गडगा

ताई, कामे लिहिलीत, पण जमीन कशी आहे ते लिहिले नाही, आणि आपल्याकडे उत्तर जमिनीवरच ठरते. बाग कातळावर सपाट आहे की उतारावर? रस्त्यापासून कलमांपर्यंत वाट आहे का, आणि बेड्यातून, म्हणजे बागेच्या प्रवेशाच्या जागेतून, किती रुंदीची गाडी आत जाईल? भाताचे मळे बागेला लागून आहेत की दूर व्हाळाकाठी (ओढ्याकाठी)? यंत्र रोज कोण चालवणार? एवढे कळल्याशिवाय कोणी ठाम सल्ला दिला तर तो त्याच्या स्वतःच्या शेताचा सल्ला असेल, तुमच्या बागेचा नव्हे.

घाटमाथा

यात एवढा विचार करण्यासारखे काही नाही. १८ ते २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला मिनी ट्रॅक्टर घ्यावा. मी वाई तालुक्यात आल्याचे आणि हळदीचे पीक घेतो आणि माझा छोटा ट्रॅक्टर वर्षभर कामात असतो. मागे तीन सांध्यांची जोडणी आणि पीटीओ (इंजिनाचा जोर अवजाराला देणारा फिरता दांडा) असल्यामुळे त्याला रोटाव्हेटर, फवारणीचा पंप, गवत कापणारे यंत्र, खड्डे पाडणारा ऑगर, ट्रॉली असे सर्व काही लागते. नेहमीच्या एटीव्हीला पीटीओच नसतो. ती माणूस नेते आणि थोडे ओझे ओढते, पण जमिनीचे काम करत नाही. शिवाय ती पेट्रोलवर चालते आणि तालुक्याच्या गावी तिचा सुटा भाग मिळणार नाही. लाखो रुपये घालून घेतलेले यंत्र एका बेअरिंगसाठी ऐन हंगामात उभे राहिले तर त्याचा उपयोग काय?

नांगरट

घाटमाथा, तुमचे म्हणणे देशावरच्या काळ्या जमिनीला लागू आहे. येथे जांभ्यावर वीतभर माती असते, त्यामुळे ऑगर दगडावर नुसता फिरतो आणि कलमांचे खड्डे शेवटी जेसीबीनेच काढावे लागतात. रोटाव्हेटर लावून कलमांखाली कशाची मशागत करणार? उलट वरची मुळे दुखावतील. माझा लांज्याचा अनुभव असा की कोकणातील छोट्या खातेदाराने १२-१३ अश्वशक्तीचा पॉवर टिलर (दांडे हातात धरून चालवायचे दोन चाकांचे यंत्र) घ्यावा. पावसाळ्यात लोखंडी केज व्हील लावून मळ्यांची चिखलणी होते, बांधाच्या कोपऱ्यात तो हाताने वळवता येतो आणि इतर वेळी ट्रेलर जोडून ओझे वाहता येते. हे तिन्ही उपयोग एकाच इंजिनावर होतात.

गडगा

टिलर चांगला, पण तो सुचवताना उताराचे सांगायला हवे होते. सपाटीवर डावा स्टिअरिंग क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो, कारण त्या बाजूच्या चाकाचा जोर सुटतो आणि उजवे चाक पुढे जाते. भरलेला ट्रेलर घेऊन उतरताना मात्र इंजिन गाडी ओढत नसते, रोखून धरत असते, त्यामुळे ज्या बाजूचा क्लच दाबाल ते चाक मोकळे होऊन पुढे पळते आणि टिलर विरुद्ध बाजूला वळतो. आमच्या वाडीत एक अनुभवी गडी याच कारणाने थेट गडग्यावर (दगडी कुंपणावर) गेला. तो सुदैवाने वाचला, ट्रेलरचा सांधा तुटला. नवशिक्या माणसाला हे कोणी आधी दाखवले नाही तर त्याचा हात सवयीने चुकीच्याच क्लचवर जाणार. ताई, म्हणूनच कोण चालवणार हे विचारले होते.

रायआवळा

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. कलमे आणि काजू मिळून सुमारे अडीच एकर उतारावर आहे. भाताचे मळे खाली वेगळे आहेत आणि तेथे ट्रॅक्टर सहज जातो, दरवर्षी भाड्याचा येतोच. रस्त्यापासून वरच्या पडवीपर्यंत जुनी बैलगाडीची वाट आहे. दोन्ही बाजूंना गडगा असल्याने ती रुंद करता येत नाही. बेड्यापाशी पाच फूट जागा मिळते आणि पुढे एक आडवे वळण आहे. यंत्र मी आणि आमचा एक कायमचा गडी असे दोघे चालवणार आहोत. मला दुचाकी आणि चारचाकी येते, ट्रॅक्टर कधी चालवलेला नाही.

दक्षिण_गोलार्ध

मी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहतो आणि आमच्याकडे शेतावर एटीव्ही रोज वापरली जाते. ती चांगली आहे हे मी मनापासून सांगतो: कुंपण पाहून येणे, पाठीवर छोटी टाकी ठेवून तण मारणे, दोन-चार क्रेट आणणे ही कामे ती झटपट करते. परंतु "कुठेही चढते" या वाक्यावर विसंबू नका. या गाडीचा गुरुत्वमध्य उंच आणि चाकांमधले अंतर कमी असते, आणि ती उलटली की चालवणारा तिच्याखाली सापडतो. असे मृत्यू इतके झाले की ११ ऑक्टोबर २०२१ पासून येथे विकल्या जाणाऱ्या नव्या शेतकी एटीव्हीवर चालकाच्या बचावासाठी चौकट असणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. घ्यायचीच असेल तर शेजारी बसायची जागा, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि वर पिंजरा असलेली मागे हौद्याची गाडी पाहा, ती अधिक सुरक्षित असते.

घाटमाथा

तशी गाडी त्यांच्या पाच फुटी बेड्यातून गेली तरी वळणावर अडकेल, आणि किंमत ट्रॅक्टरच्या पुढे जाईल. शिवाय येथे साधी एटीव्ही रस्त्यावर आणता येत नाही. पोलॅरिस कंपनीने स्पोर्ट्समन ५७० हे मॉडेल ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल अशा रूपात भारतात आणले होते, तेवढा अपवाद मला माहीत आहे. बेड्यापासून बाजाराच्या रस्त्यापर्यंत माल न्यायचा असेल तर हा मुद्दा लहान नाही.

हिरवा_चुडा

माझ्या मते यंत्राआधी झाडांकडे पाहावे. जुनी कलमे फार उंच गेली असतील तर कोणतेही यंत्र घेतले तरी फवारा शेंड्यापर्यंत नीट पोहोचणार नाही आणि आंबे उतरवण्याची मजुरी वाढतच राहील. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीची पद्धत दिली आहे. ती टप्प्याटप्प्याने करावी आणि काजूत जिथे खाडे पडले आहेत तिथे वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ लावावे.

रायआवळा

छाटणीचे मी वेगळे विचारेन, ती करायचीच आहे. परंतु येथे कृपया यंत्राविषयीच लिहावे, माझ्याकडे दिवस कमी आहेत.

सातबारा

अनुदानाचा मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर या दोन्हींसाठी अर्ज करता येतो, एटीव्हीसाठी नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प व अत्यल्प भूधारक यांना इतरांपेक्षा जास्त टक्के अनुदान मिळते. महत्त्वाची अट अशी की पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. विक्रेत्याच्या महिनाअखेरच्या मुदतीसाठी घाईने पैसे भरलेत तर त्याच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम गमवाल. सातबारा तुमच्या नावावर आहे की वडिलांच्या, हेही आधी पाहा, कारण अर्ज खातेदारानेच करायचा असतो.

गडगा

ताई, आता तुमचे चित्र बरेच स्पष्ट झाले. एकेक काम वेगळे काढून पाहू.

चिखलणीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो, म्हणजे ते काम यादीतून गेले. कलमांखालचे गवत जांभ्याच्या दगडांमधून काढायचे असते, तेथे खांद्यावरचा ग्रास कटरच चालतो आणि वणव्याच्या भीतीने ते दिवाळीनंतर वेळेत व्हावे लागते. फवारणीसाठी गाडी झाडापर्यंत नेण्याची गरज नाही. पडवीपाशी टाकी आणि एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप ठेवून शंभर मीटर नळी सोडली की बरीच बाग आवाक्यात येते. नळी दहा मीटर उंच चढवली तर दाब साधारण एक बारने कमी होतो, आणि हे पंप २० बारच्या वर चालतात, त्यामुळे चढाची चिंता नको. राहिले काय? क्रेट खाली आणणे आणि खत वर नेणे. म्हणजे तुम्हाला शेती करणारे यंत्र नको आहे, एका अरुंद चढावर ओझे सांभाळून नेणारे हवे आहे.

आता वाटेचा चढ मोजा. दहा फुटांची सरळ पट्टी वाटेवर उताराच्या दिशेने धरून पाणसळीने समतल करा आणि खालच्या टोकापासून जमीन किती खाली आहे ते पाहा. दोन फूट भरली तर चढ सुमारे ११ अंशांचा, तीन फूट भरली तर जवळजवळ १७ अंशांचा. सर्वांत वाईट जागी, म्हणजे त्या आडव्या वळणावर, मोजायला विसरू नका. तीन फूट आले तर नवख्या माणसाने तेथे भरलेली ट्रॉली कशानेही नेऊ नये असे माझे मत आहे.

दक्षिण_गोलार्ध

गडगा यांच्याशी सहमत आहे. एटीव्हीबाबत भर एवढीच की उतरताना मागची भरलेली ट्रॉली गाडीला ढकलते, आणि ही गाडी वजनाने हलकी असल्यामुळे वळणावर ट्रॉली तिला आडवी करू शकते. त्या वाटेचे वळण ऐकल्यावर मी माझा आधीचा कल मागे घेतो.

नांगरट

मी टिलरवर ठाम आहे, परंतु चालवणाऱ्याला मोकळ्या ट्रेलरसह दोन-तीन आठवडे सराव द्यावा, हे मान्य.

घाटमाथा

आणि मी मिनी ट्रॅक्टरवर. साडेतीन-चार फूट रुंदीची मॉडेल मिळतात, चारही चाके धरून ठेवतात आणि खालच्या गिअरमध्ये उतरताना इंजिनच गाडी रोखते. फक्त गिअर उताराच्या आधी टाकायचा आणि मध्येच क्लच दाबायचा नाही. ट्रॉली मात्र कंपनीची घेऊ नका. ती ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते. गावातल्या फॅब्रिकेटरकडून चार फुटी, ब्रेक असलेली करून घ्या.

रायआवळा

आज पट्टी धरून मोजले. सरळ वाटेवर दीड फूट आणि वळणावर दोन फुटांपेक्षा थोडे जास्त भरले. सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे अर्ज त्यांच्या नावाने करणार आहे आणि पूर्वसंमती मिळेपर्यंत विक्रेत्याला पैसे देणार नाही. एटीव्हीचा विचार सोडला. मिनी ट्रॅक्टर आणि टिलर या दोन्हींचे प्रात्यक्षिक आमच्याच वाटेवर मागितले आहे. एक विक्रेता तयार आहे, दुसरा म्हणतो की आमच्या मैदानावर या. प्रात्यक्षिकाच्या वेळी ट्रॉलीत किती वजन ठेवावे आणि नेमके काय पाहावे, एवढे सांगावे.

गडगा

मैदानावर बोलावणाऱ्याकडे जाऊ नका, मैदानावर प्रत्येक यंत्र चांगलेच चालते. भरलेला क्रेट सुमारे २० किलोचा धरला तर दहा क्रेटचे २०० किलो होतात, तेवढ्याने सुरुवात करा. त्यासाठी पाण्याचे कॅन काठोकाठ भरून घट्ट बांधा. अर्धवट भरलेल्या कॅनमधले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि ट्रॉली हलवते. चढताना पुढची चाके उचलली जातात का ते पाहा. ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या हूकला जोडलेली असावी, वरच्या सांध्याला जोडून ओढली तर पुढचा भाग वर येतो. मग वळणाच्या मध्यावर थांबायला सांगा, पुन्हा चढ धरायला सांगा आणि तेथूनच मागे घ्यायला सांगा. विक्रेत्याच्या चालकाने हे केल्यावर तुमच्या गड्याने रिकाम्या ट्रॉलीने तेच करावे, आणि त्याला जे यंत्र रोखून धरता आले त्याचेच कोटेशन अर्जाला जोडा.