शब्दचर्चा : 'कर्बचक्र' या शब्दातलं 'चक्र'

मी विज्ञानाचे शालेय मजकूर तपासते. सध्या एका आकृतीपाशी अडले आहे. आकृती सगळ्यांनी पाहिलेली : झाड, गुरं, समुद्र, कारखान्याचं धुरांडं आणि या सगळ्यांना जोडणारे गोल फिरणारे बाण. खाली मथळा 'कर्बचक्र'. ती पाहून एका मुलीनं विचारलं, "चक्रच आहे, तर धुरांड्यातून गेलेला कार्बन फिरून पुन्हा कोळशात येईलच की. मग काळजी कसली?"

तिचं काही चुकलेलं नाही. ऋतुचक्र, जलचक्र, पीकचक्र हे शब्द कानावर घेऊनच ती मोठी झाली. 'चक्र' म्हटलं की गेलेलं परत येतं, तेही आपल्या डोळ्यांदेखत, हा अर्थ या शब्दाला चिकटलेलाच आहे. मोठी माणसंही हवामानाचा विषय निघाला की "निसर्गाचं चक्र आहे, चालायचंच" म्हणून मोकळी होतात. तेव्हा शब्द बदलावा का? बदलायचा तर कोणता घ्यावा? आणि 'कर्ब' की 'कार्बन', यावरही मत हवं आहे.

प्रतिसाद :

आधी 'कर्ब'. लॅटिनमध्ये 'कार्बो' म्हणजे कोळसा. त्यावरून १८व्या शतकाच्या अखेरीला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूलद्रव्याचं नाव पाडलं. आपल्याकडे त्याचा 'कर्ब' झाला आणि तो मराठीत इतका मुरला की त्याला संधी-समास सहज लागतात. 'कर्बोदके' घ्या : कर्ब अधिक उदक. साखर आणि पिष्ट यांत कार्बनच्या जोडीला हायड्रोजन आणि ऑक्सिजन साधारण पाण्यातल्याच प्रमाणात असतात, हे त्या शब्दातच सांगून टाकलं आहे. मातीपरीक्षणाच्या अहवालातही 'सेंद्रिय कर्ब' असंच छापलेलं असतं आणि शेती करणाऱ्या कुणालाही ते समजावून सांगावं लागत नाही. माझं मत कर्बाच्या बाजूनं.

प्रश्नकर्ती :

समासात 'कर्ब' आणि सुटा आला तर 'कार्बन', हे मला पटतं. एका ठिकाणी मात्र जपायला हवं. 'कर्ब उत्सर्जन इतके टन' असं लिहिलं की टन कशाचे, हे कळत नाही. कार्बनच्या अणूचा भार १२, कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा ४४. म्हणजे १ टन कार्बन जळला की सुमारे ३.६७ टन वायू होतो, कारण ऑक्सिजनचं वजन हवेतून येऊन मिळतं. जगभर जीवाश्म इंधनांतून दर वर्षी सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत जातो. तोच आकडा वायूच्या हिशेबात ३७ अब्ज टनांच्या घरात जातो. दोन्ही बरोबर आहेत, पण एका परिच्छेदात पहिला आणि पुढच्यात दुसरा आला की वाचणाऱ्याला वाटतं उत्सर्जन जवळजवळ चौपट झालं. म्हणून आकडा आला की 'कार्बन' की 'कार्बन डायऑक्साइड' हे पूर्ण लिहावं, 'कर्ब'वर भागवू नये.

प्रतिसाद :

आपण श्वास सोडतो तोही कार्बन डायऑक्साइडच. चूल पेटवली तरी तोच, कोळसा जाळला तरी तोच. वायूत फरक नाही, तर मग 'चक्र' एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही, असं कसं म्हणणार?

प्रश्नकर्ती :

तुमचा प्रश्न नेमका वर्मावर आहे. वायू तोच, पण तो आला कुठून, यात सगळा फरक आहे.

श्वासातला कार्बन अन्नातून आला, अन्न वनस्पतीतून आणि वनस्पतीनं तो हवेतूनच उचललेला. बहुतेक वेळा काही महिन्यांपूर्वी, फार तर काही वर्षांपूर्वी. घेतलेलं परत दिलं, हिशेब मिटला. हा जलद फेरा. लाकडाचंही तसंच, पण तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरं वाढलं तरच. जंगल तोडून जमीन तशीच मोकळी ठेवली तर ती उधारी फिटत नाही. म्हणून जंगलतोडही उत्सर्जनातच मोजतात.

कोळशाचं निराळं आहे. जगातला बराचसा दगडी कोळसा सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा. ती झाडं पुरती कुजली नाहीत, गाडली गेली आणि त्यांच्यातला कार्बन फिरत्या हिशेबातून बाहेर पडला. हा संथ फेरा. याच फेऱ्यात पावसाचं पाणी खडक झिजवतं, त्यातलं कॅल्शियम समुद्रात जातं, शिंपल्यांची कवचं होतात, कवचांचा चुनखडक होतो आणि लाखो-कोट्यवधी वर्षांनी ज्वालामुखीतून त्यातला थोडा कार्बन हवेत परततो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात, त्याच्या शंभरपटीच्या आसपास आपण सोडतो.

तेव्हा तुमची चूल जलद फेऱ्यातली आणि कोळशाची भट्टी संथ फेऱ्यातलं काढून जलद फेऱ्यात ओतणारी. मुलीचं म्हणणं अक्षरशः खरं आहे : कार्बन पुन्हा खडकात जाईल. पण काढायला अडीचशे वर्षं आणि परत जायला हजारो-लाखो.

हवेत मिसळल्यावरही हा जुना कार्बन ओळखू येतो. जिवंत वनस्पतीत कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अत्यल्प का होईना, असतो. त्याचा अर्धायुष्यकाल ५,७३० वर्षं, त्यामुळे कोळशात तो केव्हाच संपलेला. १९५५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हान्स सूस यांनी झाडांच्या वार्षिक वलयांत पाहिलं, तर अलीकडच्या लाकडात कार्बन-१४चं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी. झाडानं हवेतून जो कार्बन घेतला त्यात कोळशा-तेलाचा जुना कार्बन मिसळला होता. खोडात वर्षागणिक कोरलेली नोंद आहे ही. मला तर ती कुठल्याही आलेखापेक्षा जास्त हलवून जाते.

प्रतिसाद :

मग 'रहाटगाडगं' कसं वाटतं? गाडगी भरून वर येतात, रिकामी होऊन खाली जातात. 'चक्र'पेक्षा यात देवाणघेवाण दिसते. आणि बाहेरून कुणी पाणी ओतलं तर पाटाला पूर येईल, हेही सांगता येतं.

प्रश्नकर्ती :

समजावताना हे जरूर वापरेन. पारिभाषिक शब्द म्हणून जड होईल.

तुमच्या रहाटाची प्रत्यक्ष नोंदही आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथं हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. त्या मोजणीच्या आलेखातली रेघ दर वर्षी मे महिन्यात माथ्यावर असते. मग उत्तर गोलार्धात पालवी फुटलेली झाडं वायू ओढून घेतात आणि सप्टेंबरच्या सुमाराला ती तळाशी येते. पानं गळतात, कुजतात, रेघ पुन्हा चढते. चढउतार दहा लाख भागांत सहा-सात भागांचा. हे चक्र. पण दर वर्षीचा तळ आदल्या वर्षीच्या तळापेक्षा वर आहे. सुरुवातीला दहा लाखांत ३१५च्या आसपास असलेलं प्रमाण २०२४ मध्ये ४२०च्या पुढे होतं. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी ते २८० होतं. एकाच रेघेत फेराही आहे आणि चढही. आपल्या आकृतीत फेरा तेवढा आला, चढ राहून गेला.

प्रतिसाद :

'हरितगृह वायू'वरही बोला. 'हरित' म्हटलं की मला तर काहीतरी चांगलंच वाटतं.

प्रश्नकर्ती :

वाटणारच. 'हरित ऊर्जा' चांगली आणि 'हरितगृह वायू' तापदायक, हे नवख्या वाचकाला कोड्यात टाकतं. शिवाय उपमाही पुरती लागू पडत नाही. काचेचं घर उबदार राहतं ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जात नाही म्हणून. हे वायू मात्र जमिनीनं सोडलेली उष्णता शोषतात आणि तिचा काही भाग खाली परत पाठवतात. 'उष्णता अडवणारे वायू' हे लांबतं, पण पहिल्या उल्लेखात मी तेच लिहिते. शब्द आता रुळला आहे, तो काही बदलणार नाही.

'हवामान'ची अडचण त्याहून मोठी. आजचा पाऊस तेही हवामान आणि तीस वर्षांची सरासरी तेही हवामान. म्हणून एखाद्या थंड सकाळी "कुठे आहे तुमचा हवामान बदल?" असं कुणीही विचारू शकतं. मराठी विश्वकोशात दीर्घकालीन सरासरीसाठी 'जलवायुमान' हा वेगळा शब्द आहे. नेमका आहे, पण बोलण्यात रुळला नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. 'तापमानवाढ' हा त्यातला फक्त एक भाग : हवा १ अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पावसाचा जोर वाढतो, आणि जमिनीतली ओल उडून दुष्काळही कडक होतो. हे सगळं 'तापमान' या शब्दात मावत नाही.

प्रतिसाद :

आणि 'समुद्राचं आम्लीभवन'? समुद्र आम्ल झाला, असं समजायचं का?

प्रश्नकर्ती :

नाही. सामू (पीएच) हे आम्ल-अल्क मोजायचं माप : ७च्या खाली आम्ल, वर अल्क. समुद्राचा सामू ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरला आहे, म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे. पण सामूचं माप लघुगणकी, म्हणजे एक अंक उतरला की आम्लता दहापट, असल्यानं एवढ्याशा उतारानं हायड्रोजन आयन पावपटीहून जास्त वाढतात, आणि प्रवाळ व शिंपल्यांना कवच बांधणं अवघड होतं. 'समुद्र कर्ब शोषतो' हे वाक्य फार सोज्वळ वाटतं. आपण सोडलेल्या वायूपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र घेतो, त्याची ही किंमत. मी वाक्य बदलून 'समुद्रात कार्बन मुरतो आणि पाण्याची अल्कता घटते' असं केलं आहे.

'कर्बचक्र' मी ठेवते आहे. आकृतीत आता दोन फेरे आहेत : झाड, गुरं, माती, समुद्राचा पृष्ठभाग यांचा आतला, त्यावर 'महिने ते शतकं'; आणि खडक, ज्वालामुखी, कोळसा यांचा बाहेरचा, त्यावर 'लाखो वर्षं'. धुरांड्याचा बाण बाहेरच्या फेऱ्यातून आतल्या फेऱ्यात येतो. तो एकेरी काढला आहे, जाड, आणि त्याला परतीचा बाण दिलेला नाही.